वाढत्या अंगाची गिटार

आमच्या थोरल्या साडूंनी आयुष्यात कुठल्याही गोष्टीवर पहिल्या भेटीत विश्वास ठेवलेला नाही, आणि दुसऱ्या भेटीत तर नाहीच नाही. त्यांच्या मते पहिल्या भेटीत समोरचा बेसावध असतो, तेव्हा तो खरा सापडण्याची थोडी तरी आशा असते. दुसऱ्या भेटीला तो तयारी करून येतो. बारामतीला लागून जळोचीत त्यांचं घर आहे. दाराची कडी वाजवली की आतून आवाज येतो, "कोण हाय?" आपण म्हणतो, "मी." एवढ्यावर जगभर दारं उघडतात. आमचे साडू विचारतात, "कशावरून?" या प्रश्नाचं उत्तर मी अठरा वर्षं शोधतो आहे. एकदा म्हणालो, "आवो पाव्हणं, आवाज वळखत न्हाय व्हय माझा?" तर आतून उत्तर आलं, "आवाज काय, मोबाइलमधनं बी येतोय." शेवटी माझी मेहुणी, म्हणजे बायकोची थोरली बहीण, स्वयंपाकघरातून ओरडते, "उघडा की आता, कळसचं पाव्हणं हायत!" तेव्हा कुठं कडी निघते. निघाल्यावरही ते आधी माझ्या खांद्यावरून मागचा रस्ता बघून घेतात आणि मग म्हणतात, "या."

यात त्यांचा सगळाच दोष आहे असं मला वाटत नाही. तीसेक वर्षं त्यांनी डेअरीवर दूध तपासलं. रोज पहाटे किटल्यांची रांग लागायची आणि प्रत्येक किटलीमागे एक हसरा चेहरा असायचा. जितका चेहरा जास्त हसरा तितकं दुधात पाणी जास्त, हा त्यांनी काढलेला पहिला निष्कर्ष. यंत्रं नंतर आली, फॅट आणि डिग्री आकड्यात दिसायला लागली, पण साडूंचा यंत्रावरही भरवसा नव्हता. ते डाव्या अंगठ्याच्या नखावर दुधाचा एक थेंब घ्यायचे आणि नख थोडं तिरकं करायचे. थेंब गोल राहून सावकाश सरकला तर दूध खरं. भर्रकन ओघळला तर पाणी. तो थेंब ओघळताना ते दुधाकडे बघत नसत, किटलीवाल्याकडे बघत. निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली, पण नख निवृत्त झालेलं नाही. कुणाच्याही घरी गेले तरी चहाच्या आधी ते वाटीत थोडं कच्चं दूध मागून घेतात, थेंब नखावर ठेवतात, आणि मगच चहाला होकार देतात. पहिल्या वर्षी माझी बायको रडली होती. दुसऱ्या वर्षापासून चहाच्या ताटलीत ती न सांगता वाटी ठेवते.

माझं लग्नही त्या नखावरूनच गेलं. बोलणी सुरू झाली तेव्हा ते मुलीच्या घरचे थोरले जावई, म्हणजे तपासणीचा मान त्यांचा. न कळवता एका सकाळी ते कळसला, आमच्या गावी, आले, थेट आमच्या घरी न येता स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर बसले आणि माझं नाव घेऊन मोठ्यानं म्हणाले, "त्ये पोरगं लई पितं म्हणं." त्यांचा हिशेब साधा होता. गावात माझी बाजू घेऊन किती जण उठतात ते बघायचं. दोघं उठले. तिसरा म्हणाला, "पीत न्हाय, पर घोरतंय जोरात." सासुरवाडीला गेलेल्या अहवालात दोन्ही गोष्टी होत्या. त्यानंतर ते सासऱ्यांना घेऊन आमच्या घरी आले, माझे दोन्ही हात हातात घेतले आणि दहाही बोटं एकेक करून वाकवून बघितली. मी लोणी देवकरच्या औद्योगिक वसाहतीत विजेची पॅनेलं जोडायच्या कामाला नुकताच लागलो होतो. ते सासऱ्यांना म्हणाले, "ह्यांचं काम बोटांचं हाय. बोटं धड तर संसार धड." मग माझ्याकडे वळून, जरा नाइलाजानंच, "बोटात खोट न्हाय," म्हणाले. त्यांनी कुठल्याही गोष्टीला दिलेलं एवढं एकच प्रमाणपत्र माझ्या ऐकण्यात आहे.

त्याच दहापैकी दोन बोटं गेल्या वर्षी गेली. गेली म्हणजे तुटली नाहीत. एक जड पॅनेल उतरवताना माझा डावा हात कडेखाली सापडला. हाडं जुळली, जखम भरली, पण करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काडीसारखी सरळ राहिली. बारीक वायर चिमटीत वळवताना मागून ती आवळून धरायला तीच बोटं लागतात. कंपनीनं मला स्टोअरमध्ये खोकी मोजायला बसवलं आणि सांगितलं की सहा महिन्यांनी हात बघू, मग पॅनेलवर घ्यायचं की नाही ते ठरवू. लोक म्हणायचे, बसून काम आहे, बरंच झालं. सोळा-सतरा वर्षं ज्या हातानं वायरींच्या वेण्या घातल्या तो हात आता खोक्यांवर ठेवायचा, या कल्पनेनं मला मात्र जेवण जात नव्हतं.

बारामतीत एक बाई हाताचे व्यायाम करून घेतात. त्यांनी मला रबरी चेंडू दाबायला दिला. मी महिनाभर दाबला आणि वैतागलो. तेव्हा त्या म्हणाल्या, "तुम्हाला कशाचा नाद आहे का? एखादं तारांचं वाद्य घ्या. गिटार चालेल. पण नायलॉनच्या तारांची घ्या, लोखंडी तारांनी बोटं सोलून निघतील." तरुणपणी गावच्या गणपतीत ऑर्केस्ट्रा आला की मी गिटारवाल्याच्या समोर जाऊन बसायचो, हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. ते आठवलं आणि हो म्हणालो.

ही बातमी जळोचीला पोचली तशी साडूंना पहिली शंका आली ती बाईंची. "तिचं दुकानदाराशी लागेबांधं आसत्याल," ते म्हणाले. नुसतं म्हणून ते थांबत नाहीत. दुसऱ्याच दिवशी खांदा दुखतोय असं सांगून ते स्वतः त्या बाईंकडे गेले. तीन दिवस गेले. बाईंनी त्यांना दोरी आणि कप्पी दिली, हात वर-खाली करायला लावला, मिठाच्या पाण्यानं शेकायला सांगितलं. त्यांनी आडून आडून विचारूनही पाहिलं, "एखादं वाद्य बिद्य घिऊ का म्या?" बाई म्हणाल्या, "तुम्हाला कशाला?" तेव्हा कुठं बाई त्यांच्या संशयाच्या यादीतून सुटल्या. गंमत अशी की त्या तीन दिवसांत त्यांचा खरोखरच जुना दुखरा खांदा मोकळा झाला. पण ही गोष्ट त्यांनी बाईंना सांगितली नाही. सांगितली तर फी वाढवतील.

गिटार घ्यायला आम्ही दोघं साडू बारामतीतल्या एका जुन्या वाद्यांच्या दुकानात गेलो. मालकांना सगळे चाचा म्हणतात. आसपासच्या भजनी मंडळांच्या पेट्या आणि ढोलक्या तीन पिढ्या त्यांच्याच घरात दुरुस्त होतात. गिटारी एका भिंतीला टांगलेल्या होत्या. चाचांनी शांतपणे समजावलं. ही पहिली शिकणाऱ्याची. हिची मान अरुंद, अंग जरा लहान, तारा मानेवरच्या आडव्या पट्ट्यांच्या जवळ, म्हणजे हलक्या बोटानं दाबल्या जातात. ही मधली, हात बसलेल्याची. आणि ही तिसरी, वरची फळी एकसंध देवदाराची, आवाज भरीव, पण मान रुंद आणि तारा उंच. वाजवणाऱ्याच्या बोटात ताकद पाहिजे. सगळं बोलणं सरळ होतं. आणि सरळ बोलणं ऐकलं की साडूंच्या कपाळाला आठ्या पडतात.

त्यांनी पहिल्या गिटारची तार चिमटीत धरली, उजेडात बघितली आणि म्हणाले, "चाचा, हा तंगूस हाय. उजनीच्या पाण्यात मासं धरत्यात त्यो."

"तात्या, नायलॉन म्हंजे तसलंच की," चाचा साडूंना म्हणाले. "ह्यो फकस्त सुरात यीतो."

"मासं बी येत्यात," साडू म्हणाले आणि मोबाइलचा उजेड गिटारच्या पोटात टाकून आत बघायला लागले. भोकाच्या कडेला त्यांना लाकडाचे थर दिसले. मग तर विचारूच नका. त्यांनी वास घेतला, टिचकी मारली, कान लावला. "ही फळी चिकटवलेली हाय. ह्यात पाणी हाय," त्यांनी निकाल दिला. शिकणाऱ्याच्या गिटारी बहुतेक तशाच असतात, त्यानं काही बिघडत नाही, असं चाचा सांगत होते, पण साडूंनी माझा दंड धरून मला दाराशी नेलं. "पाव्हणं, ध्यानात घ्या," ते कुजबुजले. "शिकाऊ, शिकाऊ म्हणून जे इकत्यात ना, त्ये न खपल्यालं आसतंय. नवख्याला कळत न्हाय म्हणून त्याच्या गळ्यात मारायचं. डेअरीत बी तसंच. नवीन सायेब आला की पयल्या दिवशी सगळ्यात पाणचट किटल्या." मी म्हणालो, "पर चाचा म्हणत्यात ती तिसरी आपल्याला झेपायची न्हाय." "त्येच तर! चांगला माल द्यायचा न्हाय म्हणून भ्या दावत्यात." म्हणजे चाचांनी जो इशारा दिला, त्याच इशाऱ्यामुळे साडूंनी तीच गिटार पक्की केली.

आणि यावर त्यांच्याकडे दुसरा एक बिनतोड मुद्दा होता. आमच्याकडे पोराला सदरा शिवताना कुणी अंगाचं माप घेत नाही, वाढत्या अंगाचं घेतं. चप्पल घेताना पुढं दोन बोटं जागा ठेवतात. माझ्या बायकोनं मुलीचा शाळेचा गणवेश तिसरीत शिवला तो पाचवीत अंगाला आला. साडू म्हणाले, "आज शिकाऊ घ्याल, चार म्हैन्यांनी हात बसंल, मग ती काय आडगळीत टाकायची? वाढत्या अंगाची घ्या." खरं सांगतो, मलाही ते पटलं. चाचांनी एकदा माझ्या डाव्या हाताकडे बघितलं, एकदा साडूंकडे बघितलं, आणि गिटारला पिशवी चढवली.

पहिल्या आठवड्यातच गिटारनं साडूंना संशयाचं खाद्य दिलं. मी संध्याकाळी तारा सुरात लावायचो आणि सकाळी सगळ्या उतरलेल्या असायच्या. त्यांना हे कळताच ते मोटरसायकलवरून कळसला आले. घरात कोण कोण येतं, खिडकीला गज आहेत का, शेजारणीला गाण्याची आवड आहे का, अशी चौकशी झाली. मग त्यांनी बायकोची नखांना लावायची लाल बाटली मागितली आणि सहाही खुंट्यांवर बारीक रेघा ओढल्या, म्हणजे कुणी पिळली तर कळावं. सकाळी रेघा जागच्या जागी आणि सूर पुन्हा उतरलेला. त्यांनी स्वतः चाचांना फोन लावला. चाचा म्हणाले, नायलॉनची नवी तार ताणते, आठ-पंधरा दिवस ती उतरणारच, मग थांबते. साडूंनी फोन ठेवला आणि एक तार नखानं छेडून बघितली. "नवी हाय तवर घसरती, जुनी झाल्यावर टिकती," ते म्हणाले. "माणसाचं उलटं आसतंय." त्या रेघा अजून माझ्याकडच्या एका फोटोत आहेत.

पण तारा थांबल्यावर खरी अडचण सुरू झाली. बाईंनी मला एकच धडा दिला होता. चार बोटं, चार घरं: पहिल्या पट्टीवर पहिलं बोट, दुसरीवर दुसरं, मग तिसरं, मग करंगळी. पहिली दोन बोटं ठीक पडायची. तिसरं त्या रुंद मानेवर पोचायचंच नाही. पोचलं तरी उंच तार दबायची नाही आणि सुराऐवजी माशी घोंगावल्यासारखा आवाज यायचा. करंगळीची तर गोष्टच सोडा. मी रोज कंपनीतून आलो की तासभर बसायचो. बोटांच्या टोकांना फोड आले, मनगट सुजलं, आणि महिन्याभरात माझी खात्री झाली की आता हे व्हायचं नाही. एका रविवारी मी गिटार पिशवीत घालून कपाटावर टाकली.

त्याच दुपारी साडू आले. कसं कोण जाणे, पण घरात काही लपवलेलं असलं की ते हजर होतात. कपाटावरची पिशवी त्यांना दारातूनच दिसली. "का हो?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "ऱ्हाऊ द्या पाव्हणं. ह्ये आता व्हायचं न्हाय. हातातच खोट हाय. म्या खोकीच मोजतो." आजवर हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

माझी समजूत होती की आता चौकशी सुरू होईल: किती वेळ बसता, खरंच बसता का, कशावरून बसता. ते शेजारी येऊन बसले. माझा डावा हात त्यांनी हातात घेतला आणि लग्नाच्या वेळी वाकवली होती तशी एकेक करून बोटं वाकवून बघितली. दोन बोटं अर्ध्यात अडली. तिथं ते थांबले, जोर केला नाही. मग म्हणाले, "ह्यो हात म्या तपासल्याला हाय. त्यात खोट न्हवती. आता बी न्हाय, नुसता आखडलाय. खोट त्या गिटारीत हाय." "आवो, ती तुमीच तर निवडली," मी म्हणालो. ते उठले, कपाटावरून गिटार काढली, पाठीला अडकवली आणि चहा न घेता गेले. वाटी तशीच राहिली. बायको म्हणाली, "दाजी रागावलं वाटतं." मलाही तसंच वाटलं.

पुढं दोन आठवडे साडूंचा पत्ता नाही. फोन केला की मेहुणी सांगायची, "बारामतीला गेल्यात." रोज बारामतीला काय काम असतं ते तिलाही ठाऊक नव्हतं, आणि तिनं विचारलं तर म्हणे त्यांनी तिलाच विचारलं, "तुला कुणी चौकशी करायला लावली?" मग एका संध्याकाळी ते आले. पाठीवर दुसरी गिटार होती. मी ती लगेच ओळखली, भिंतीवरची पहिली, शिकाऊ. माझ्या मांडीवर ठेवत ते तुटकपणे म्हणाले, "फळी चिकटवल्यालीच हाय हिची. आवाज बी बेतास बात. पर वाजवा." मी पहिलं बोट ठेवलं, दुसरं ठेवलं. तिसरं ठेवायला गेलो तर ते न ताणता पट्टीपाशी जाऊन पोचलं. दाबलं तर तार दबली. स्वच्छ नाही, पण सूर आला, माशी नव्हती. मी वर बघितलं तर साडू खिडकीतून बाहेर कुणी उभं आहे का ते बघत होते.

खरा प्रकार मला दोन महिन्यांनी कळला. एक तार तुटली म्हणून मी चाचांच्या दुकानात गेलो. चाचांनी माझा हात बघितला, बोटं वाकवायला लावली, आणि हसायला लागले. "तुमच्या साडूंनी सांगू नगा म्हणून शपथ घातली हाय," ते म्हणाले, "पर म्या शपथ खाल्ली न्हवती, नुसती ऐकली व्हती." मग त्यांनी सांगितलं. गिटार परत आणली त्या दिवशी साडूंनी दुकानातच आपल्या डाव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट एकेका आइस्क्रीमच्या काडीला चिकटपट्टीनं बांधलं. माझी बोटं जिथं अडायची त्याच्यापुढं वाकणार नाहीत, इतकं घट्ट. आणि तसे ते रोज येऊन बसले. सकाळी यायचे, दुपारी डबा तिथंच खायचे. भिंतीवरची एकेक गिटार उतरवून चार बोटं, चार घरं. ज्या माणसाला भजनाचा ठेका कळत नाही, तो अकरा दिवस माझा धडा वाजवत होता. शिकाऊ गिटारवर बोट पोचतं आहे असं दिसल्यावर त्यांनी चाचांना तारा अजून खाली घ्यायला लावल्या. तारा ज्या हाडाच्या पट्टीवर टेकतात ती चाचा कानशीनं किंचित घासायचे, साडू बांधलेल्या बोटांनी दाबून बघायचे आणि म्हणायचे, "आजून. आजून जरा." इतकं बारीक काम चाचांनी कुठल्या उस्तादासाठीही केलं नव्हतं म्हणे.

"बोटाला फोड आलं त्यांच्या," चाचा म्हणाले. "म्या म्हणलं, तात्या, मी पयल्याच दिवशी सांगितलं हुतं की ही घ्या. तर म्हणलं, 'चाचा, त्या दिशी तुमच्या बोलण्यात पाणी न्हवतं. म्या माझं मिसळलं.'"

मी दुकानाच्या पायरीवर बसलो. मग विचारलं, "पर मला सांगू नगा आसं का म्हणलं?" चाचा तार गुंडाळत म्हणाले, "पाव्हण्याला संशय यील म्हणलं. म्या इचारलं, कसला? तर म्हणलं, 'मला त्यांची काळजी हाय असला.'"

मी घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "आता त्यांच्यापुढं काय बी बोलू नका, न्हायतर यायचं बंद करत्याल." म्हणून मी गप्प राहिलो, आणि नवी गिटार आणल्यापासून ते दर गुरुवारी यायचे तसे येत राहिले. वाटीतला थेंब नखावर, मग चहा, मग माझी चार घरं. ऐकून झालं की प्रत्येक वेळी तोच शेरा: "आजून पाणी हाय." मी चिडायचो आणि पुढच्या गुरुवारपर्यंत जास्त वाजवायचो. कदाचित शेऱ्याचा उद्देश तोच असेल. पण त्यांच्याबाबत चांगला उद्देश गृहीत धरायची सवय मला तेव्हा नव्हती.

सहा महिने भरले. कंपनीनं पाठवलेल्या डॉक्टरांनी हात बघितला, बारीक स्क्रू उचलायला लावले, वायर वळवायला लावली, आणि मला पुन्हा पॅनेलवर घ्यायचा कागद लिहून दिला. करंगळी अजून पूर्ण मिटत नाही, पण कामापुरती मिटते. मी तो कागद खिशात घालून घरी आलो तेव्हा वाटेत दोनदा गाडी थांबवून वाचला. आणि त्याच संध्याकाळी, गुरुवार नसताना, दाराची कडी वाजली. मी आतून ओरडलो, "कोण हाय?" बाहेरून आवाज आला, "मी." आनंदाच्या भरात माझ्या तोंडून निघून गेलं, "कशावरून?" बाहेरून साडू म्हणाले, "बरं इचारलं."

त्यांनी कागद चष्मा लावून वाचला, उलटा करून मागची बाजू बघितली, शिक्का उजेडात धरला. "कागुद काय, कुनी बी लिवतं," ते म्हणाले. "वाजवून दावा." मी गिटार घेतली. इकडे स्वयंपाकघरात माझ्या बायकोचा जीव टांगणीला लागला होता, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मांजरानं अर्धं दूध सांडलं होतं आणि उरलेलं पुरावं म्हणून अठरा वर्षांत पहिल्यांदाच तिनं त्यात पेलाभर पाणी घातलं होतं. पाहुणा आलाच तर आज हा येऊ नये, एवढंच तिचं मागणं होतं. दाजींचा आवाज ऐकल्यावर तिनं तरी वाटी भरली, कारण न ठेवली तर संशय नक्की.

मी चार घरं वाजवली. मग तीच चार घरं सहाही तारांवर, वरून खाली आणि खालून वर. चाचांनी शिकवलेली एक छोटी धून होती, ती वाजवली. तिच्या शेवटी करंगळीचा एकटा सूर आहे. तो लागला आणि बराच वेळ खोलीत राहिला. साडू डोळे मिटून बसले होते. त्यांचा डावा हात मांडीवर होता आणि त्याची करंगळी आणि शेजारचं बोट, दोन्ही, माझ्या बोटांबरोबर आपोआप हलत होती. धून संपली तरी ते पाण्याचं काही बोलले नाहीत.

बायको ताटली घेऊन आली. चहाचा कप, शेजारी वाटी. ताटली ठेवताना ती आज वाटीकडेच बघत होती. साडूंनी वाटीकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, मग वाटी बोटानं हळूच बाजूला सरकवली आणि कप उचलला. घोट घोट करून सगळा चहा संपवला. "चा बरा झालाय," म्हणाले आणि उठले. जाताना त्यांनी माझ्या डाव्या हातावर हात ठेवला, क्षणभरच, जणू तो जागेवर आहे का ते बघायला.

त्यांना आता डोळ्यांचा त्रास होतो, त्यांचा मुलगा मोटरसायकल चालवू देत नाही, गुरुवार चुकायला लागले आहेत. ते आले नाहीत की मी गिटार घेऊन बसतो आणि त्या संध्याकाळचा विचार करतो. तीस वर्षं दूध तपासलेल्या माणसाला एका घोटात कळलं नसेल यावर माझा विश्वास बसत नाही. त्यांना कळलं होतं. आणि कळूनही ते प्याले. एकदा सरळ विचारावं असं फार मनात येतं. पण विचारलं की ते माझ्या खांद्यावरून मागचा रस्ता बघतील आणि म्हणतील, "कशावरून?" आणि माझ्याकडे दाखवायला काय आहे? एक रिकामा कप आणि एक न तपासलेली वाटी, आणि तीही बायकोनं तेव्हाच घासून ठेवली.